नंबर चारची तबकडी

जुलै लागला की ऑकलंडमध्ये लिंबांचा सुळसुळाट होतो. ऑफिसच्या किचनमध्ये मायक्रोवेव्हशेजारी पिशव्या येऊन बसतात. वर चिठ्ठी असते, ‘घेऊन जा, प्लीज.’ त्या ‘प्लीज’मध्ये शुद्ध काकुळती असते. कारण इथे प्रत्येकाच्या मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड असतं आणि बाहेर हाडं गारठवणारा ओला वारा सुटलेला असताना ते शेकड्यांनी लिंबं देत सुटतं. या दिवसांत पापाटोएटोच्या देशी दुकानात लिंबू विकत घेणारा माणूस बरीच वर्षं एकच होता. मी.

झाड माझ्याही अंगणात आहे. घर घेतलं तेव्हा एजंटने ते खिडकीतून अशा थाटात दाखवलं होतं, की झाडच विकत मिळतंय आणि घर वरकड. पहिल्या वर्षी आठ-दहा लिंबं आली. मग बुंध्याच्या बुडातून नवे फुटवे जोमात वर निघाले. मला वाटलं, झाड आपल्यावर खूश आहे. मी खत घातलं, पाणी घातलं, फोटो काढून कऱ्हाडला पाठवले. अशी सहा वर्षं गेली. फुटवे माझ्या डोक्यावर गेले, त्यांना बोटभर लांबीचे हिरवे काटे फुटले आणि लिंबू मात्र एक नाही. शेवटी शेजारचा सिओने, जो मूळचा टोंगाचा आणि पेशाने बसचालक आहे, कुंपणावर कोपरं टेकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ब्रो, तुझं लिंबू कधीच मेलंय. तू खालचा खुंट वाढवतोयस.”

कलमाचं झाड होतं ते. वर लिंबू, खाली कुठलासा काटेरी रानटी खुंट. खुंटाचे फुटवे दर वर्षी छाटायचे असतात, नाहीतर ते वरच्या कलमाला गिळून टाकतात. हे या देशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी सहा वर्षं काट्यांना खत घालत होतो.

तेव्हापासून दर हिवाळ्यात सिओने मला लिंबं आणून देतो. हसत हसत देतो, हे जास्त लागतं. परवा यंदाची पिशवी आली. ओट्यावर ती रिकामी केली, सालीचा तो झणझणीत गार वास नाकात गेला, आणि मला पुन्हा दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा चढला. हो, चढला. ताप चढावा तसा. खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने ओघळणारं पाणी, रोज सकाळी ते टॉवेलने पुसण्याचा वैताग, हीटरवर वाळत टाकलेले मोजे, त्यांच्याशेजारी हात शेकत बसलेले आप्पा, आणि घरभर करवतीने लाकूड कापल्यासारखा चाललेला एका राजाचा दरबार.

आप्पा म्हणजे माझे वडील. कऱ्हाडच्या हायस्कुलात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्या वर्षी ऐंशी पूर्ण झाले आणि तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. विमानतळावर मी अडीच तास बाहेर उभा. सगळं विमान रिकामं होऊन लोक घरी जाऊन जेवले असतील, आप्पांचा पत्ता नाही. झालं होतं असं, की खाण्यापिण्याच्या आणि प्राणिजन्य वस्तूंच्या फॉर्मवर त्यांनी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिलं होतं. तपासणीच्या मुलीने विचारलं, काय आहे? त्यांनी बॅग उघडली, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या पाच काळ्या तबकड्या काढल्या आणि सांगितलं, ही लाख आहे. लाख म्हणजे किड्यांचा स्राव. पुढे किडा झाडावर कसा बसतो, स्राव कसा सोडतो, तो कसा वितळवतात, हा सगळा नववीचा धडा झाला. तिने आणखी दोघांना बोलावलं. त्यांनाही धडा.

“मुलगी हुशार हो,” बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले. “म्हणाली, हे म्युझिक आहे, किडा नाही, घेऊन जा. मी म्हटलं, दोन्ही आहे.”

“आप्पा, गप्प ‘नाही’ लिहायचं ना!”

“खोटं?” आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रॉली ढकलू लागलो. ‘खोटं’ या शब्दाने मला त्या दिवशी विमानतळाच्या दारातच पहिला घाम फोडला. जूनमध्ये.

तबकड्यांचं सांगायला हवं. ग्रामोफोनवर वाजवायच्या एका नाटकाचा तो संच होता, सहा तबकड्यांचा, बारा बाजूंचा. कुठल्याशा राजाचा दरबार, एक चोरी, एक रुसलेली राणी आणि मधेच, कथेशी काही संबंध नसताना, चौथ्या तबकडीवर राजवाड्यातले दोन आचारी. आमटी खारट झालेली असते आणि दोघं एकमेकांवर ढकलत असतात. हा संच माझ्या आजोबांनी आप्पांच्या लहानपणी घेतला होता. आप्पा आणि त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटे भाऊकाका यांना राजाशी देणंघेणं नव्हतं. ते दोन आचारी व्हायचे. मुंजीत, बारशात, गणपतीत, जिथे चार माणसं जमतील तिथे, आप्पा थोरला आचारी आणि भाऊकाका धाकटा.

आजोबा जाताना मोठी गंमत करून गेले. वाटणीत थोरल्याला तबकड्या दिल्या आणि धाकट्याला यंत्र. चावीचं, कर्ण्याचं. कोणी म्हणालं, म्हातारा चळला. पण चळला नव्हता. भाऊकाका दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. यंत्राशिवाय तबकडी म्हणजे काळं ताट आणि तबकडीशिवाय यंत्र म्हणजे पितळी कण्हेर. तेव्हा दर रविवारी सकाळी आप्पा धोतरात बांधलेल्या सहा तबकड्या छातीशी धरून दोन गल्ल्या चालायचे, मी मागे पळायचो, काकू पोहे करायची, आणि चौथी तबकडी लागली की दोन बाप्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून उठायचे.

आणि मग मी नऊ वर्षांचा झालो.

पण आधी यंत्राचं. आप्पांकडे तबकड्या होत्या, यंत्र नव्हतं. तिकडे जुन्या वस्तू जपून ठेवतात म्हणे, एखादं मिळेल, एवढ्या आशेवर त्यांनी ती ओझी हातातल्या बॅगेतून इतक्या लांब आणली होती. बेचाळीस वर्षं त्यांनी एकही बाजू ऐकली नव्हती. आता मी आयटीतला माणूस. म्हटलं, आप्पा, हात्तिच्या! त्याच संध्याकाळी ऑनलाइन ऑर्डर दिली. निळ्या सुटकेससारखा देखणा प्लेयर आला, ब्लूटूथसकट. त्याला दोनच वेग. तेहतीस आणि पंचेचाळीस. आप्पांच्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या. हे डब्यावर लिहिलं होतं. मी डब्यावरचं वाचत नाही, मी आयटीत आहे.

पंचेचाळीसवर लावली. राजा बोलू लागला तो गाळात रुतलेल्या रेड्यासारखा. राणी रुसली तेव्हा कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं. माझी मुलगी ईरा, तेव्हा चौदाची, सोफ्यावरून म्हणाली, “इज ही ओके?”

मी हार मानली नाही. ते रडगाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं, एक पूर्णांक त्र्याहत्तर पटीने वेग वाढवला, खरखर साफ केली आणि हेडफोन आप्पांच्या कानांना लावले. आप्पांनी एक बाजू शांतपणे ऐकली. हेडफोन काढले. “छान आहे,” म्हणाले, “पण हा एक्स-रे झाला रे. मला माणूस बघायचा होता.”

मग सुरू झाले शनिवार. दर शनिवारी सकाळी आप्पांना मफलर, कानटोपी, माझं राखाडी जॅकेट घालून मी गॅरेज सेल हिंडवू लागलो. पायात आप्पांनी हट्टाने जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी सपाताच घातलेल्या, कारण त्यांच्या मते त्या चपलाच, आणि चपलांत मोजे घालता येतात. ओल्या गवतावर मांडलेले दुसऱ्यांचे संसार बघायचे. टोस्टर, गोल्फच्या काठ्या, कोणाच्या तरी आईची कपबश्यांची मांडणी. चौथ्या शनिवारी मनुरेवात, एका म्हाताऱ्या बाईंच्या गॅरेजात, कॅम्पिंगच्या खुर्च्यांखाली काळी पेटी दिसली. झाकण उघडलं तर आत चावीचं यंत्र.

“चालतं का हो?” मी विचारलं.

“चालतं रे पोरा,” बाई म्हणाल्या. “माझ्यासारखंच. मधे मधे थांबून.”

खरंच तसंच होतं. स्प्रिंग दमलेली. निम्म्या बाजूत राजाचा आवाज खाली खाली जाऊ लागायचा, म्हणजे कोणीतरी धावत जाऊन चावी द्यायची, की महाराज पुन्हा ताठ. पण सुई नव्हती. मागवली तर यायला तीन आठवडे. मी डोकं धरून बसलो. आप्पा मात्र खिडकीबाहेर बघत होते. माझ्या झाडाकडे.

“सुध्या, ते काटे आण.”

“काय?”

“अरे, आम्ही सुयांची डबी संपली की बाभळीचा काटा लावायचो. आवाज मऊ येतो, तबकडी झिजत नाही. तुझे काटे तर नामी आहेत. कुठून आणलंस हे झाड?”

सहा वर्षांत माझ्या बागकामाचं झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक. आप्पांनी काटे निवडले, हीटरवर वाळवले, सँडपेपरवर टोक काढलं, आणि खुंटाच्या काट्यावर राजाचा दरबार भरला. आवाज लांबून आल्यासारखा, दुसऱ्या खोलीत कोणीतरी बोलत असावं तसा. दोन बाजू झाल्या की काटा बोथट, की आप्पा म्हणणार, “सुध्या, काटा.” मी पावसात, चिखलात, हातमोजे घालून काटे तोडतोय. कुंपणापलीकडून सिओने विचारतोय, “हाउज द हार्वेस्ट, ब्रो?” त्याला काय सांगणार? “स्वीट अ‍ॅज,” म्हणालो, म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण तिसरी तबकडी संपायची, आप्पा ती धोतरात ठेवायचे आणि पाचवी काढताना न चुकता म्हणायचे, “आणि इथली भाऊनं खाल्ली.”

रोज. रागाने नाही, सवयीने. जेवणाआधी चित्राहुती घालावी तसं. “इथली भाऊनं खाल्ली.” आणि रोज त्या क्षणी मला बागेत काहीतरी काम आठवायचं.

आता माझा मे महिना सांगतो. मी नऊ वर्षांचा. चौथी तबकडी जराशी वाकलेली होती, त्यामुळे फिरताना काटा नावेसारखा वरखाली व्हायचा. आप्पा एकदा म्हणाले होते, “लाख उन्हानं मऊ होते, दोन काचांत धरून उन्हात ठेवली तर सरळ होईल.” ते म्हणाले आणि विसरले. मी विसरलो नाही. आई गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होती. कावळे हाकायला मला बसवलेलं. म्हटलं, आप्पांना चकित करू. गुपचूप नंबर चार आणली आणि पापडांच्या रांगेत ठेवली. काचा नव्हत्या. काचा हा तपशील झाला. खाली घमेलं पालथं घातलं, म्हणजे खालूनही ऊन लागेल.

अर्ध्या तासाने बघतो तर तबकडीने घमेल्याचा आकार घेतलेला. चहूबाजूंनी झालर. काळा, चकचकीत, अप्रतिम असा एक टोप. मी घाबरलो. मग मला लोहार आठवला. लोहार लोखंड तापवतो, ठोकतो आणि पाण्यात बुडवतो. मी तो टोप हाताने दाबून दाबून सपाट केला, जवळजवळ झालाच होता, आणि वरून माठातलं गार पाणी ओतलं.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एकच ‘टक्’. पापड मोडावा तसा. चार तुकडे.

तुकडे मी दुपारीच भंगारवाल्याला दिले. त्याने बदल्यात मूठभर खारे शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले. हे मी लपवत नाही, खाल्ले आणि आवडले.

रविवारी काकांकडे धोतर सोडलं, तर तबकड्या पाच. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, “का रे, घरी राहिली का?” आणि मी, काकूच्या हातची पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, म्हणालो, “मागच्या रविवारी इथेच राहिली होती.” बस्स, एवढंच. मला वाटलं, मोठी माणसं शोधतील, सापडणार नाही, विसरून जातील. मोठ्या माणसांविषयी माझे फार चांगले समज होते.

काका म्हणाले, “माझ्याकडे नाही.” आप्पा म्हणाले, “पोरगं खोटं बोलेल का?” काका म्हणाले, “म्हणजे मी बोलतोय?” तिथून आवाज चढला. काकूचं पोह्यांवर घालायचं खोबरं हातातच राहिलं. आप्पा पाच तबकड्या छातीशी धरून दोन गल्ल्या परत आले, आणि पुढच्या रविवारी गेले नाहीत. पुढच्याही नाही. तीन वर्षांनी काकांची नाशिकला बदली झाली. यंत्र तिकडे गेलं. तबकड्या आमच्या कपाटात.

तुम्ही म्हणाल, एका तबकडीवरून? मीही आयुष्यभर हेच म्हणत आलो. एवढ्याशा गोष्टीवरून कोणी बोलणं टाकतं का! ही माणसंच विक्षिप्त! असं म्हटलं की आपल्या अंगावरचं ओझं दोन-तीन किलो तरी कमी होतं. मोठा झालो तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. दहाव्या वर्षी सांगितलं असतं तर एक थोबाडीत. पंचविसाव्या वर्षी काय सांगणार? रत्नाचं, म्हणजे काकांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं. आप्पा गेले नाहीत. घरातर्फे मला पाठवलं. पंगतीत भाऊकाका स्वतः जिलबी वाढत आले. माझ्या पानाशी थांबले. “दादा नाही आला?” मी म्हटलं, “त्यांचे गुडघे दुखतायत.” काकांनी एकीच्या जागी तीन जिलब्या वाढल्या. मी त्याही खाल्ल्या. माझ्या पापांचा हिशेब मांडायचा झाला तर तो खाण्यातच मांडावा लागेल.

तर पुन्हा हिवाळा. जुलैचा शेवट. संध्याकाळचे सात, बाहेर मिट्ट अंधार आणि आडवा पाऊस. मेधा, माझी बायको, पोळ्या करतेय. आप्पांनी तिसरी तबकडी उतरवली. “आणि इथली भाऊनं खाल्ली.”

ईराने वैतागून फोन खाली ठेवला. “आजोबा, व्हाय डोन्ट यू जस्ट कॉल हिम? आस्क फॉर इट बॅक!”

“त्यानं कबूल करावं आधी,” आप्पा म्हणाले.

मी उठलो. “जरा बागेत बघून येतो.”

“बाबा,” ईरा म्हणाली. इंग्रजीत सुरू झाली आणि थांबेचना. “आजोबा तसं म्हणाले की तू दर वेळी बागेत जातोस. पाऊस पडतोय. वी डोन्ट इव्हन हॅव लेमन्स!” मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “ओ माय गॉड. यू सो डिड इट.”

मेधाचं लाटणं थांबलं. आप्पांना इंग्रजी उत्तम येतं, शिक्षक माणूस. ते पाचवी तबकडी हातात धरून तसेच उभे.

मी सांगितलं. गच्ची, पापड, घमेलं, माठ, शेंगदाणे. इतक्या वर्षांत मनात अनेकदा पाठ केलेलं भाषण होतं, त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. नऊ वर्षांच्या पोरासारखं सांगितलं.

आप्पा बसले. म्हणाले, “किती वेळ उन्हात होती?”

“अर्धा तास असेल.”

“आणि गार पाणी ओतलंस? गरम लाखेवर?”

“हो.”

“गाढवा! ती आपोआप थंड होऊ द्यायची. काचा नव्हत्या तर दोन पाट घ्यायचे. थंड झाली असती की तशीच सपाट. अरे, तू जवळजवळ सरळ केली होतीस!” आप्पा खरोखर कळवळले होते. बेचाळीस वर्षांच्या खोट्याआधी त्यांना चुकलेला प्रयोग लागला. मला हसू येऊ लागलं. सुटलो, वाटलं.

“रत्नाच्या लग्नाला मी गेलो नाही,” आप्पा म्हणाले.

हसू जागच्या जागी गेलं. खिडकीवरून पाणी ओघळत होतं. आप्पांनी तबकडी धोतरात ठेवली, गाठ मारली आणि जेवायला न येता खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्याशी एक अक्षर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मेधामार्फत निरोप. “त्याला सांग, दूध संपलंय.” मी डेअरीत जाऊन दूध आणलं. “त्याला सांग, मलईवालं हवं होतं.” अबोला काय चीज असते ते मला त्या तीन दिवसांत कळलं, आणि हा माणूस हे बेचाळीस वर्षं करू शकतो हेही कळलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मीच म्हटलं, “आप्पा, काकांना फोन करा ना. आता तर कळलं.”

“चूक कोणाची?”

“माझी.”

“मग फोन कोण करणार?”

नाशकात तेव्हा दुपारचे साडेबारा. फोन रत्नाने उचलला, काकांना दिला. मी स्पीकर लावला. आप्पा पलीकडच्या खुर्चीत पाठ करून मटार सोलत बसले, जणू त्या घरात मटार हाच काय तो विषय.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. मला वाटलं, लाइन गेली.

“काका?”

“म्हणजे माझ्याकडे राहिली नव्हती.”

“नाही.”

“मी माळा उपसला होता रे. दोनदा. मला वाटायला लागलं, असेलही माझ्याकडूनच गेली. तुझ्या काकूला म्हटलं, तूच दिली असशील भंगारात. वर्ष-दोन वर्षं टोचत होतो बिचारीला.” काका थांबले. “ती गेली आता. तिला कोण सांगणार?”

आप्पांच्या हातातली शेंग सोलायची राहिली.

“नंबर चार आहे माझ्याकडे,” काका एकदम म्हणाले.

“काय?”

“इथे आल्यावर पाचेक वर्षांनी जुन्या बाजारात दिसली. कोणाच्या तरी घरातली. घेतली.”

“मग दिली का नाही?”

“दिली असती म्हणजे? दादा म्हणाला असता, बघ, होती की नाही तुझ्याकडेच!” काका हसले की खोकले कळलं नाही. “यंत्र आहे, आणि तबकडी ही एकच. तेवढीच वाजवतो मी. कधीमधी. एकट्याला काय, दोन आचारी झेपत नाहीत.” मग म्हणाले, “दादा आहे का तिथं?”

आप्पांनी मान न वळवता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “नाही म्हणून सांग!”

“ऐकू आलं मला,” काका म्हणाले.

मेधाने मला डोळ्यांनी खुणावलं, मी फोन उचलून मटारच्या ताटाशेजारी ठेवला, आणि आम्ही तिघं ओट्याच्या आड जाऊन उभे राहिलो, चोरासारखे. शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. मग आप्पा म्हणाले, “पहिली बाजू कशी आहे तिची? घासलीय?”

“घासलीय थोडी. शेवटाकडे.”

“सुई किती बाजूंना वापरतोस?”

“चार.”

“चार! भाऊ, अक्कल आहे का तुला?”

आणि लागलं भांडण. पाऊण तास चाललं. आमच्या पोळ्या गार झाल्या. रत्नाच्या लग्नाचा विषय शेवटी शेवटी निघाला, तेव्हा मेधाने ईराला आत नेलं आणि मीही उठून गेलो. बागेतच गेलो. पाऊस होता.

काकांनी तबकडी पाठवायला साफ नकार दिला. ऐकायची असेल तर इथे येऊन ऐक म्हणाले. आप्पा म्हणाले, थोरला मी, मी का जाऊ? सप्टेंबरात आप्पा परत गेले. मी दिवाळीला विचारलं, गेलात का? “गुडघे दुखतायत,” म्हणाले. मी कपाळावर हात मारला. संक्रांतीला विचारलं. “बघू.” या लोकांचं काय करावं माणसाने? ती काळी पेटी आता माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. काटे आहेत, चावी आहे, वाजवायला काही नाही.

आणि मग फेब्रुवारीत, इथे कडक उन्हाळा असताना, रत्नाने न कळवता एक व्हिडिओ पाठवला. सव्वातीन मिनिटांचा. नाशिकचं घर, टेबलावर आजोबांचं कर्ण्याचं यंत्र, शेजारी ते ओळखीचं धोतर सोडलेलं. दोघं म्हातारे डोक्याला टॉवेल गुंडाळून खुर्च्यांत बसलेले. यंत्रावर नंबर चार.

मी ती तबकडी नऊ वर्षांचा असताना शेवटची ऐकली होती. म्हटलं, आता ऐकू. कानाला फोन लावला. तर ही दोन माणसं गप्प बसतील तर शपथ! आचारी बोलायच्या आत हेच बोलतात. काकांना तबकडीतला श्वासन् श्वास पाठ, कारण गेली कित्येक वर्षं तेवढीच वाजवली. आप्पा बेचाळीस वर्षांत अर्धं विसरलेले, त्यामुळे काका मधेमधे चुका काढणार, आप्पा त्या मान्य करणार नाहीत, आणि मागे कुठेतरी, खोल, दोन खरे आचारी कोणाला ऐकू न येणारं काहीतरी मिठाबद्दल बोलतायत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फोनवर ओरडलोदेखील, “अहो, जरा गप्प बसा की!” ईरा म्हणाली, “बाबा, इट्स अ रेकॉर्डिंग.”

परवा लिंबं बघून पुन्हा लावला. शेवटाला काका हात वर करून आप्पांना थांबवतात, कान कर्ण्याकडे नेतात आणि घाईने कुजबुजतात, “दादा, इथं थोरला खोकतो. खोक. अरे, खोक ना!”

आप्पा त्यांच्याकडे बघतात, आणि खोकतात. जरा उशिरा.